मधल्या मांडणीचा उपास

११ नोव्हेंबर, सोम.

बॅटरीचं पाणी आजही आलं नाही. शिशाच्या बत्त्या तहानलेल्या. सकाळी खाणीवरच्या बत्तीघरात दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो. दाराजवळच्या मांडणीवर कामगारांच्या टोपीला लावायच्या चौतीस बत्त्या, त्यांतल्या सहांचा आवाज कोरडा. शिशाची बत्ती भरत आली की आतून बारीक खदखदते, भात शिजत आल्यावर झाकणाखाली होतं तसं. पाणी कमी असलं की तोच आवाज करकरीत होतो. बत्त्या भरणाऱ्या देवकाबाईला सहा नंबर सांगितले. तिनं बुचं काढून पाहिली. सहाही बरोबर.

"भाऊ, तुमचे कान हायेत का मीटर?"

फुगलो. दिवसभर पुरेल एवढा फुगलो.

दुपारी तुमसरला दुकानात येऊन टेकलो नाही तर खाणीतून फोन. ४१ नंबर पडला. सुखराम, खाली छताला लाकडाचे टेकू लावतो तो. शिडीच्या तोंडाशी पडला, पाय मोडला. बत्ती विझली होती म्हणतात.

माणूस कसा आहे हे विचारायच्या आधी मी विचारलं, "बत्ती कोणती?" लिहून ठेवतो. पुढे कधी स्वतःला फार चांगला समजायला लागलो तर वाचायला.

नवी. लिथियमची. मधल्या मांडणीवरची.

१२, मंगळ.

बत्तीघर. सेफ्टी साहेबांनी ४१ नंबरची बत्ती कापडी पिशवीत घालून लाख लावून कपाटात ठेवली. मला हात लावू दिला नाही. बरोबरच आहे. तरी हात शिवशिवला.

देवकाबाई खिडकीशी उभी. रडली नाही, पण पदर सारखा नीट करत होती.

"मी भरली होती भाऊ. सकाळी काढली तवा हिरवा दिवा होता. सुखरामनं सोताच्या डोयानं पायला."

"बरं."

"बरं नाई. मले बाई म्हणून राहिले सायेब. चौदा वर्सं झाले, देवकाबाई म्हणत होते."

हे मी ऐकलंच नव्हतं. आता गेटवर, कँटीनमध्ये, सगळीकडे तेच ऐकू येतं. 'ती बाई.'

बाकीच्या बत्त्या तपासल्या. दाराजवळच्या शिशाच्या ठीक. खिडकीखालच्या मांडणीवर जुन्या निकेलच्या आठ उरल्या आहेत, पाहुण्यांसाठी, त्या ठीक. मधल्या मांडणीवर नव्या सव्वीस, सगळ्या हिरव्या. चार्जरचा व्होल्टेज पाहिला, बरोबर. तारा बरोबर. चिमटे घट्ट. कान लावला. लिथियमची बत्ती काही बोलत नाही. भरली तरी चूप, रिकामी तरी चूप. तांबड्याचा हिरवा होतो, एवढंच.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झालं त्या वर्षी खाणीच्या बत्त्यांचा हा ठेका घेतला. त्याआधी सिहोऱ्याच्या बाजारात सायकलवर बॅटऱ्या. एवढ्या वर्षांत बत्ती विझून माणूस पडला असं एकदाही झालं नाही.

झालं.

१३, बुध.

भंडाऱ्याला दवाखान्यात. सुखरामचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. वजन बांधून वर टांगलाय. मला पाहून हसला. माणूस असा की डॉक्टरलाही विचारत असेल, जेवले का.

"गेली कशी रे बत्ती?"

"गेली म्हंजे गेलीच. जुनी कशी, जायच्या आंधी लाल होये. अर्धा घंटा सांगे का बा, निघ आता. हे काईच सांगत नाई. फटकन मरते."

"मग जागेवर बसायचं सोडून चालला काहून?"

"बसलो ना. खूप वेळ बसलो. बंदे वर गेले होते जेवाले, मी एक टेकू ठोकाले मांगं राहिलो. कोनीच नाई आलं. मंग वाटलं शिडी तं दहा पावलांवर हाय. बारा वर्सं त्याच वाटेनं जाऊन राहिलो." मग छताकडे पाहत म्हणाला, "अंधारात दहा पावलं मोजता येत नाई भाऊ."

किती वाजता गेली? साडेबाराच्या सुमारास. सातला पेटवली. म्हणजे साडेपाच तास. बत्तीवाल्या कंपनीनं बारा तास लिहून दिलेत.

निघताना म्हणाला, "सायेब आले होते. म्हणे बाईनं भरलीच नसन. मी म्हणलं, हिरवी होती. मी रोज पायतो. त्यायनं लिवून नाई घेतलं."

येताना मोटरसायकल तीनदा थांबवली. काही बिघडलं नव्हतं. मीच थांबत होतो. हिरवी होती आणि साडेपाच तासांत मेली. दोन्ही खरं असेल तर मग

१४, गुरु.

ऑफिसात बिलाच्या सहीसाठी बसलो होतो. लाकडी आडोसा, वर उघडा. पलीकडे साहेब फोनवर. मुद्दाम नाही ऐकलं. माझे कान काही मी विचारून ऐकत नाहीत.

"हां हां, लॅम्प रूम की लेडी है, टेम्पररी. चार्जिंग में लापरवाही, बस. गेटपास काढून घेऊ, मामला खतम. ठेकेदार जुना माणूस आहे, तो देईल लिहून."

ठेकेदार म्हणजे मी.

छातीवरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलं, लिहायला नको तरी लिहितो. दोष माझ्यावर नाही, कंपनीवर नाही, नव्या बत्त्यांवर नाही. सही घेतली, चहा प्यालो, साहेबांना नमस्कार केला. गेटच्या बाहेर आलो आणि त्या उतरलेल्या गोष्टीची शिसारी आली.

देवकाबाई माझ्या मायजवळ बसून विड्या वळायची. तिनं बांधलेला विड्यांचा कट्टा सगळ्यांत नीट. पानं एका मापाची, दोरा एका जागी. म्हणून बत्तीघरात आणली. चौदा वर्षांत एक बत्ती न भरता हुकावर लटकवणारी बाई नाही ती. हे मला माहीत आहे. साहेबाला माहीत करून घ्यायचं नाही.

१५, शुक्र.

दुकानात मन नाही. एकाच ट्रॅक्टरच्या बॅटरीचे टर्मिनल दोनदा घासले. गिऱ्हाईक म्हणालं, "आता सोनं निघते का त्यातून?"

एक आठवलं आणि तेव्हापासून बसवत नाही. दसऱ्याच्या आसपास मधल्या मांडणीवरची बत्ती नेणारे दोघंतिघं म्हणाले होते, भाऊ, नवी बत्ती लवकर जाते. मी काय म्हटलं? "बसता तेव्हा बंद करत जा ना बाप्पा. खाली काय बायकोचं तोंड पाहायचं आहे?" सगळे हसले. मीही. गोड बोलून गोष्ट उडवायची हातोटी आहे मला. त्याच्यावरच तर धंदा वाढवला.

तेव्हा एक बत्ती घेऊन पेटवून पाहिली असती. एक दिवसाचं काम.

रविवारी जातो. मांडणीवरची एक आणि खोक्यातली कोरी एक, दोन्ही आणतो.

१६, शनि.

नुसता फिरलो. सुमन म्हणाली, "अवो, बसा तं एका जागी. घरात कोंबडं शिरल्यासारखे करून राहिले." बायकोचं निरीक्षण नेहमीच बरोबर असतं, तेच वाईट.

१७, रवि.

मी रविवारी खाणीवर कधी जात नाही. खाण बंद, आणि दुकानात गर्दी असते. एवढ्या वर्षांत पाच-सात वेळा गेलो असेन.

अकरा वाजता बत्तीघराचं दार ढकललं. खिडकीतून ऊन आत आलेलं. आणि मधल्या मांडणीवरच्या सव्वीसच्या सव्वीस बत्त्या पेटलेल्या. भिंतीकडे तोंड करून. उन्हात फिक्या, कुणासाठीच नाही. देवकाबाई खाली बसून चिमटे पुसत होती.

"हे काय?"

"उपास." हसली. "मी सोमवार पकडतो, ह्या रविवार पकडतात. दुपारपावतर पार रिकाम्या होतात, मंग संध्याकाळी भरतो."

"कोणी सांगितलं?"

तिनं मानेनंच वर दाखवलं. मांडणीच्या डोक्यावर पुठ्ठा. माझं अक्षर. तांबड्या शाईनं, दोन रेघा मारून:

*या मांडणीवरच्या बत्त्या दर रविवारी पूर्ण विझेपर्यंत पेटत्या ठेवणे. त्यानंतरच भरणे. विसरू नये.*

निकेलच्या बत्त्यांसाठी लिहिला होता. निकेलची बत्ती अर्धवट रिकामी असताना पुन्हापुन्हा भरली की ती तेवढ्यालाच आपलं पोट समजते. म्हणून आठवड्यातून एकदा पार रिकामी करायची. त्या काळी देवकाबाईनंच त्याला उपास नाव दिलं. मीही तेच म्हणायचो. लिथियमचं उलटं. तिला पार रिकामी करून तशीच ठेवली की ती आतून खंगते. दिवा हिरवा लागतो, पण पोटच लहान झालेलं. भरलं लवकर, संपलं लवकर. कंपनीचा माणूस हे सांगून गेला होता. मी मान हलवली. त्यानं दिलेला कागद फायलीत लावला. फाईल घरी.

नव्या बत्त्या पावसाळ्याच्या आधी आल्या. मी मांडणीवरचा चार्जर बदलला, तारा बदलल्या, चिमटे बदलले, नंबर रंगवले. निकेलच्या उरलेल्या आठ खिडकीखाली हलवल्या. पुठ्ठा तिथंच राहिला.

तेव्हापासूनचे रविवार मोजले. बाविसाच्या पुढे मोजले नाही.

"बंद कर सगळ्या," म्हटलं.

"काहून? अजुक तं चार घंटेबी नाई झाले."

"नवीन नियम आला आहे."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग एकेक बटण फिरवत गेली. टक. टक. टक. सव्वीस वेळा. मी प्रत्येक ऐकली.

३८ नंबर घेतला. खोक्यातली कोरी एक घेतली. पुठ्ठ्याला हात लावला नाही. ती होती ना समोर.

१८, सोम.

काल संध्याकाळी दोन्ही भरून ठेवल्या. सकाळी आठला दोन्ही सोबत पेटवल्या. काउंटरवर शेजारी शेजारी, एक माझ्या डावीकडे, एक उजवीकडे. सुमन डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "दिवसा दिवे कायले लावले? कोनाची आरती हाय?"

एक पंचवीसला ३८ गेली. आधी काहीच नाही. मंद नाही, तांबडी नाही. होती, आणि नव्हती. मी तिच्याकडेच पाहत होतो, तरी दचकलो. खाली, जमिनीच्या पोटात, एकट्यानं असताना कसं वाटलं असेल.

खोक्यातली संध्याकाळी शटर ओढेपर्यंत जळत होती.

आता यात शोधायचं काही उरलं नाही. हुशारी दाखवायला जागाच नाही.

१९, मंगळ.

आज जे करायला गेलो ते करून आलो असतो तर इथं लिहिलं नसतं. म्हणून बरं झालं म्हणायचं की वाईट, कळत नाही.

पुठ्ठा काढायला गेलो होतो.

मनात सगळं रचलेलं. फाडायचा नाही, नुसता काढायचा. जुना नियम, आता लागू नाही, म्हणून काढला. कोणी विचारलं तर खोटंही नाही. पिशवीसुद्धा त्याच मापाची नेली.

बत्तीघरात ऑफिसचा एक माणूस बसवलाय. देवकाबाईला चौकशी होईपर्यंत घरी राहायला सांगितलं. तो मोबाईलवर गाणी ऐकत होता. आणि शिशाच्या मांडणीवर तीन बत्त्या उलट्या चिमट्यानं लावलेल्या. त्या आधी सरळ केल्या. हे काम हातून चुकत नाही.

मग वर पाहिलं.

खिळा आहे. पुठ्ठा नाही. भिंतीवर त्याच्या आकाराची फिकी जागा, चारी बाजूंनी काजळी.

"इथं एक पुठ्ठा होता?"

"काय मालूम भाऊ. मी आजच आलो."

२०, बुध.

साहेबांकडे असेल तर? मग फोनवर तसं बोलले नसते. पण ते गुरुवारी बोलले, पुठ्ठा रविवारपर्यंत होता. युनियनवाल्यांकडे असेल तर? मग एव्हाना गेटवर गाजलं असतं. कंपनीच्या माणसाकडे? तो आलाच नाही.

आज कँटीनमध्ये दीड तास बसून राहिलो. तीन चहा. कान उघडे. धानाचा भाव, मंडईच्या जत्रेतलं दंडारीचं नाटक, कोणाच्या पोरीचं लग्न. पुठ्ठ्याचं कोणी बोललं नाही. माझे कान म्हणजे मीटर, आणि मीटर काही दाखवत नाही.

उरतं एकच नाव. ते मी कालपासून लिहायचं टाळतोय.

२१, गुरु.

साहेबांनी बोलावलं. चहा, बिस्किट. खुर्चीवरचा टॉवेल झटकून दिला.

"चौकशी पंचवीसला. वरून दोन जण येतील. तुम्ही घाबरू नका, तुमच्यावर काही येत नाही." टाइप केलेला एक कागद पुढे केला. "एवढ्यावर सही करा."

वाचला. लॅम्प रूम अटेंडंटनं बत्ती क्रमांक ४१ पूर्ण चार्ज न करता दिली असावी. असावी. शब्द चांगला शोधलाय.

"साहेब, हिरवा दिवा होता असं सुखराम सांगतो."

"औषधाच्या गुंगीत आहे तो."

"बाई चौदा वर्षं करून राहिली."

"म्हणूनच. सवय झाली की लक्ष उडतं." हे मात्र ते खरं बोलले. फक्त भलत्या माणसाबद्दल.

"वाचून देतो," म्हटलं.

"वाचलं ना आत्ता?"

"चष्मा घरी आहे."

चष्मा नाकावरच होता. साहेब हसले, मीही हसलो. कागद घडी करून खिशात.

२३, शनि.

देवकाबाईच्या गावी. सिहोऱ्याच्या पुढे, तलावाच्या पाळीवरून वाट. धान कापून पडलेलं, काही बांधून खळ्यावर आलेलं. तिचा नवरा ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतावर. ती अंगणात सुपानं धान पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं नाही. दोन झटके मारून मग ठेवलं.

"या भाऊ. उन्हाचे आले."

पाणी दिलं. चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं. यंदा धान कसं, तलावात पाणी किती. ती हो, नाही. मी गोड बोलून राहिलो आणि माझं मलाच ऐकू येत होतं, पाणी कमी असलेल्या बत्तीसारखं करकरीत.

शेवटी तीच उठली. आत धानाच्या कोठीवर पुठ्ठा पालथा ठेवलेला, वर वाटी. वाटी काढली, पुठ्ठा आणला, फडक्यानं पुसला, माझ्यासमोर बाजेवर ठेवला.

"त्या रविवारी तुमी बंद कर म्हणलं ना, तवाच मी समजली. नवीन नियम असता तं तुमी कागद लावला असता. तुमी तं पंख्याच्या बटणालेबी कागद लावता."

"देवका, माझं चुकलं."

"पयले ऐका. मी चवथीपावतर शिकली हावो. हे मी दर रविवारी वाचत होतो." तिनं बोट ठेवलं. "यावर निकेल लिवलं नाई. 'या मांडणीवरच्या' लिवलं. मांडणी तं तेच हाय. मी बदलली नाई."

"नाही. तू नाही बदलली."

"मंग मी कोनतं चुकली सांगा. चार-पाच दिसांपासून धान पाखडता पाखडता तेच शोधून राहिलो."

चहा उतू गेला, ती धावली. परत आली तेव्हा आवाज खाली आलेला.

"आनला काहून म्हणाल तं, तिथं ठेवला असता आन् कोनी तुमचं अक्षर वळखलं असतं तं? आनला. घरी आनल्यावर वाटलं, नसता आनला तं बरं होतं. माह्याजवळ दुसरं हाय काय, मी भरली होती हे सांगाले?" पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. "आता तुमीच सांगा. ठेवू का चुलीत घालू?"

हे तिनं रागानं विचारलं नाही. तोच तर घोळ. राग असता तर मला ऐकू आला असता आणि त्याच्यावर काही बोलता आलं असतं. मला वाचवायला आणला की माझ्याविरुद्ध ठेवला, तिच्या आवाजात दोन्ही नव्हतं. किंवा दोन्ही होतं. लिथियमच्या बत्तीसारखी चूप.

"ठेव," म्हटलं.

"ठेवतो."

"सोमवारी बोलू."

"सोमवारी तं सायेबापुढं बोलाचं हाय भाऊ. आपल्याले बोलाचं ते आज."

चहा प्यालो. चांगला झाला म्हटलं. उठलो.

२४, रवि.

सकाळपासून जबाब लिहून राहिलो. पहिला कागद: 'काही तांत्रिक कारणामुळे.' फाडला. दुसरा: 'सूचनाफलक बदलण्यात आला नाही.' कोणी बदलला नाही ते त्यात नाही. फाडला. मराठीत असं वाक्य करता येतं ज्यात माणूसच लागत नाही, आणि मला ते फार छान जमतं.

तिसरा: 'पुठ्ठा मी लिहिला. नव्या बत्त्या लावताना तो मी काढला नाही. बाईनं त्याप्रमाणे काम केलं. ३८ नंबर आणि कोरी बत्ती सोबत जाळून पाहिली आहे, दोन्ही आणल्या आहेत.' चार वाक्यं. खाली नाव. सही अजून नाही.

सुमननं पाठीमागून वाचलं. मला वाटलं म्हणेल, तुम्हाला काय पडलं आहे. ती म्हणाली, "सिहोऱ्याच्या त्या गुरुजींचा रेडिओ जळला होता तुमच्या हातानं. आठवते का? संध्याकाळी सायकलवर जाऊन सांगून आले होते. वरून आपला रेडिओ देऊन आले. महिनाभर घरात गाणं नाई."

"तेव्हा माझ्याजवळ गमवायला होतं काय?"

"एकच रेडिओ होता," ती म्हणाली.

आणि गेली भाजी निवडायला. हिला कोणी बोलायला शिकवलं!

हेही खरं की ठेका गेला तर ज्याला मिळेल तो उलटे चिमटे लावणारा असेल. हे कारण चांगलं आहे. फार चांगलं आहे. म्हणूनच त्याच्यावर विश्वास नाही.

दुपारी बत्तीघरात जाऊन आलो. मधल्या मांडणीवर एकही पेटलेली नव्हती. पंचवीस हिरवे ठिपके. चूप.

२५, सोम.

ऑफिसच्या व्हरांड्यात, बाकावर. दहा वाजून वीस. वही मांडीवर. बसून राहण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

डाव्या खिशात साहेबांचा टाइप केलेला. उजव्या खिशात माझी चार वाक्यं. सही दोन्हींवर नाही. पेन एकच. थैलीत दोन बत्त्या, ३८ आणि कोरी. मघापासून थैली एकदा पायाशी, एकदा बाकाखाली. आता पुन्हा पायाशी.

देवकाबाई पावणेदहाच्या बसनं आली. धुतलेलं लुगडं, केसाला तेल. शेजारी बसली, मधे हातभर जागा सोडून. कापडी पिशवी मांडीवर. ती हलली की आत पुठ्ठा पिशवीला घासतो. बारीक आवाज. दुसऱ्या कोणाला येणार नाही.

"सुखरामले पायलं का?" तिनं विचारलं.

"कसा आहे?"

"तसाच. म्हणे, माही ४१ नंबरची जुनीच द्याले सांगा. वजनदार हाय पन बोलते तरी."

हसलो दोघंही. मग एकदम थांबलो.

आत खुर्च्या सरकल्या. वरून आलेले दोघं. साहेबांचा आवाज, "बस, पाच मिनिट का काम है." फॅनची खटखट. कोणीतरी पाण्याचा ग्लास ठेवला. सगळं ऐकू येतंय.

माझ्याच छातीतलं तेवढं येत नाही.

शिपाई बाहेर आला. पहिले ठेकेदार, म्हणतो. जरा वही आवरा म्हणतो.

देवकाबाईनं पिशवी मांडीवरून उचलली आणि बाकावर ठेवली. आमच्या मधल्या हातभर जागेत. समोर पाहतेय. पिशवीचे बंद माझ्या बाजूला आहेत.

पेन बंद करतो. उठतोय.